हीलिसबाईंचा कळप

एक जुनं कृष्णधवल छायाचित्र माझ्यासमोर आहे. इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात लेक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगरांचा आणि सरोवरांचा मुलूख आहे. तिथल्या एका मेंढ्यांच्या प्रदर्शनात १९३०च्या सुमारास ते घेतलेलं आहे. साठी ओलांडलेली एक ठेंगणी, जाडसर बाई उभी आहे. डोक्यावर बसकी हॅट, अंगात जाड लोकरीचे कपडे. शेजारी तिचा मेंढपाळ एका मेंढीला धरून उभा आहे. मेंढीला बक्षीस मिळालंय आणि बाईंच्या चेहऱ्यावर, मुलगा बोर्डात आल्यावर आईच्या चेहऱ्यावर दिसतं तसं समाधान आहे.

त्या पंचक्रोशीत ही बाई मिसेस हीलिस म्हणून ओळखली जाई. बाजारात मेंढ्यांच्या दातांत बोटं घालून वय तपासणारी, भावात न फसणारी शेतकरीण. उरलेलं जग तिला बिअ‍ॅट्रिक्स पॉटर म्हणून ओळखतं. निळा कोट घालून परक्याच्या मळ्यात शिरणाऱ्या सशाची, पीटर रॅबिटची, ती लेखिका आणि चित्रकार.

माझ्या नातीला ते छोटं पुस्तक वाचून दाखवता दाखवता मी या बाईच्या आयुष्यात शिरलो. ससा हे निमित्त झालं. मला खिळवून ठेवलं ते तिच्या शेतीनं. आयुष्यभर बँकेत नोकरी केल्यामुळे कुणाचंही चरित्र वाचताना मी आधी पैसा कुठून आला आणि कुठे गेला ते बघतो. ही खोड चांगली नाही, पण जाता जात नाही. या बाईच्या बाबतीत मात्र त्या खोडीनंच मला दार उघडून दिलं. पुस्तकांतून आलेला जवळजवळ प्रत्येक मोठा पैसा तिनं एकाच खात्यात टाकला होता. ते खातं होतं जमिनीचं.

बिअ‍ॅट्रिक्सचा जन्म २८ जुलै १८६६चा, लंडनच्या केन्सिंग्टन भागातला. घर गडगंज श्रीमंत. आजोबांचा छापील सुती कापडाचा मोठा कारखाना होता. वडील रूपर्ट बॅरिस्टर, पण त्यांना वकिली करायची गरज पडली नाही; फोटोग्राफी आणि मित्रमंडळ यांत त्यांचा वेळ जाई. मुलीला शाळेत घातलं नाही. घरी शिकवणाऱ्या बाया येत. धाकटा भाऊ बर्ट्रम बोर्डिंग शाळेत गेल्यावर तिच्या सोबतीला उरले ते तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीतले ससे, उंदीर, साळू, बेडूक आणि वटवाघळं. ती त्यांना पाळी, न्याहाळी आणि त्यांची चित्रं काढी. वयाच्या पंधराव्या वर्षापासून तिशीपर्यंत तिनं स्वतःच शोधलेल्या सांकेतिक लिपीत रोजनिशी लिहिली. ती लिपी उलगडायला १९५८ साल उजाडावं लागलं.

दर उन्हाळ्यात हे कुटुंब मोठं घर भाड्यानं घेऊन खेड्यात जाई. आधी स्कॉटलंड आणि १८८२पासून लेक डिस्ट्रिक्ट. तिथल्या रॉन्स्ली नावाच्या पाद्र्याशी पॉटर कुटुंबाचा स्नेह जुळला. हा गृहस्थ डोंगर, तळी, पायवाटा वाचवण्यासाठी भांडणारा होता. १८९५मध्ये इंग्लंडात नॅशनल ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली, तिच्या तीन संस्थापकांपैकी तो एक. त्या मुलखातल्या हर्डविक जातीच्या करड्या मेंढ्यांवरही त्याचा फार जीव होता. बिअ‍ॅट्रिक्सच्या कानावर हे सगळं पडत होतं.

मधल्या काळात तिनं अळंब्यांचा अभ्यास केला. शेकडो अचूक चित्रं काढली, बीजाणू रुजवून पाहिले. तिचा निबंध १ एप्रिल १८९७ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे मांडला गेला. पण बायकांना त्या सभेत प्रवेश नव्हता, म्हणून तो दुसऱ्यानं मांडला. शास्त्राचा तो दरवाजा तिथेच बंद झाला. राहिली चित्रं. शिकवायला येणाऱ्या एका बाईंच्या आजारी मुलाला तिनं १८९३मध्ये चार सशांची गोष्ट पत्रातून लिहून पाठवली होती. ती पुस्तकरूपात काढायला अनेक प्रकाशकांनी नकार दिला, तेव्हा १९०१च्या डिसेंबरात तिनं स्वतःच्या पैशानं २५० प्रती छापल्या. पुढच्याच वर्षी फ्रेडरिक वॉर्न कंपनीनं ते पुस्तक काढलं आणि ते धडाक्यानं खपलं. बाईंची व्यवहारदृष्टी अशी की १९०३मध्येच त्यांनी पीटरच्या बाहुलीची रीतसर नोंदणी करून टाकली.

वॉर्न कंपनीतले धाकटे बंधू नॉर्मन तिच्या पुस्तकांचं काम पाहत. पत्रव्यवहारातून मन जुळलं. १९०५च्या जुलैत नॉर्मननं लग्नाची मागणी घातली. आईवडिलांना ते रुचलं नाही. मुलगा धंद्यातला, आपल्या तोलाचा नाही, असं त्यांचं मत. स्वतःची सगळी संपत्ती कापडाच्या कारखान्यातून आलेली असूनही. बिअ‍ॅट्रिक्सनं न जुमानता अंगठी स्वीकारली. त्यानंतर महिनाभरात, २५ ऑगस्टला, नॉर्मन रक्ताच्या आजारानं गेला. तो ३७ वर्षांचा होता, ती ३९ वर्षांची.

त्याच वर्षी नोव्हेंबरात तिनं लेक डिस्ट्रिक्टमधल्या निअर सॉरी या खेड्यात हिल टॉप नावाची ३४ एकरांची शेती विकत घेतली. पैसा पुस्तकांचा आणि थोडा वारशानं आलेला. लंडनच्या बाईला गावकऱ्यांनी गिऱ्हाईक म्हणूनच पाहिलं, आणि तिनं जमिनीची किंमत बरीच जास्त मोजली. हे तिला नंतर कळलं आणि ती ते कधी विसरली नाही. पुढच्या आयुष्यात तिला जमिनीच्या भावात कुणी सहज फसवू शकलं नाही.

दुःखात बुडालेल्या माणसानं देवळं पालथी घातलेली आपण पाहतो, दारू जवळ केलेली पाहतो. या बाईनं गोठा दुरुस्त करायला घेतला. शेतावर जॉन कॅनन नावाचा जुना कारभारी होता. त्याला तिनं कायम ठेवलं, त्याच्या कुटुंबासाठी घराला नवी बाजू बांधून दिली आणि जुनं घर स्वतःकडे ठेवलं. लंडनला म्हाताऱ्या आईवडिलांची उठबस चालूच होती. सवड मिळेल तशी ती शेतावर येई. डुकरं, गाई, कोंबड्या, बदकं, मेंढ्या असा प्रपंच वाढला. या आठ वर्षांत तिची सर्वांत गोड पुस्तकं झाली आणि त्यांतल्या कित्येक चित्रांत हिल टॉपचा जिना, चूल, फाटक, कारभाऱ्याची बायको-मुलं आणि केप नावाचा कुत्रा जसेच्या तसे आहेत.

आता एक अवघड गोष्ट. मुलांसाठी डुकरांना कोट-पाटलोण घालणारी ही बाई स्वतःची डुकरं बाजारात विकत होती, आणि ती कशासाठी जातात हे तिला पक्कं ठाऊक होतं. माझ्या नातीनं मला या प्रश्नावर पेचात पकडलं. पण पुस्तकातच पाहा, पीटरच्या वडिलांचं काय झालं हे पहिल्याच पानांत सांगून टाकलेलं आहे. मळेवाल्याच्या बायकोनं त्यांना पिठाच्या कवचात शिजवलं. बाईंनी मुलांपासून काही लपवलं नाही आणि स्वतःपासूनही नाही. डोंगरावरचं जनावर माणसाच्या पोटासाठी पाळलं जातं, हे मान्य करूनच त्याची काळजी घ्यायची असते, हा शेतकऱ्याचा धर्म त्यांना समजला होता. आपल्यापैकी अनेकांना तो रुचणार नाही. मलाही तो पूर्ण पचला आहे असं नाही. पण त्यात ढोंग नाही, एवढं खरं.

१९०९मध्ये त्यांनी शेजारचं कॅसल फार्म घेतलं. कागदपत्रांचं काम पाहणारे हॉक्सहेडचे वकील विल्यम हीलिस शांत, मितभाषी. शिवारफेऱ्या करता करता दोघं जवळ आली. आईवडिलांनी पुन्हा नाक मुरडलं. खेड्यातला वकील त्यांना कमी वाटला. त्या वेळी धाकटा बर्ट्रम बहिणीच्या मदतीला धावला. तो स्कॉटलंडात शेती करत होता, आणि आपण अकरा वर्षांपूर्वीच गुपचूप लग्न केलंय, हे त्यानं घरात जाहीर करून टाकलं! १५ ऑक्टोबर १९१३ रोजी लग्न लागलं. नवरी ४७ वर्षांची. इथून पुढे मी त्यांना हीलिसबाईच म्हणणार. त्यांनाही तेच आवडे. पॉटरबाईंना भेटायला आलेल्या अनोळखी पाहुण्याला त्या फारसं उभं करत नसत.

पहिल्या महायुद्धात गडी आणि घोडे सैन्यात गेले, बाई स्वतः शेतात राबल्या. त्यातच १९१७मध्ये वॉर्न बंधूंपैकी एक जण खोट्या हुंड्यांच्या प्रकरणात तुरुंगात गेला आणि कंपनी बुडण्याच्या बेताला आली. बाईंच्या मानधनाची रक्कम आधीच थकत होती. हिशेब मागून त्या मोकळ्या होऊ शकल्या असत्या. त्याऐवजी त्यांनी जुनी चित्रं जमवून नवं पुस्तक दिलं आणि कंपनीला उभं राहायला मदत केली. बुडत्या ऋणकोला हात देऊन आपलं येणंही वाचवायचं, ही गोष्ट बँकेतल्या चांगल्या चांगल्यांना जमत नाही.

त्यांच्या खऱ्या कामाला सुरुवात झाली १९२३-२४च्या सुमारास. ट्राउटबेक पार्क नावाचं सुमारे १९०० एकरांचं डोंगरी शेत विक्रीला निघालं. बंगले आणि हॉटेलं बांधणाऱ्यांचा त्या खोऱ्यावर डोळा होता. बाईंनी ते घेतलं. घेतलं तेव्हा कुरणं पाणथळ होती आणि मेंढ्या रोगट. दलदलीतल्या गोगलगायींमुळे फैलावणारा, यकृतात शिरणारा पानासारखा चपटा जंत त्यांना खात होता. जुनेजाणते मेंढपाळ हा त्या जमिनीचा दोषच मानत. बाईंनी त्या काळी नव्यानं आलेलं औषध वापरलं आणि कळप सुधारला. अळंब्यांचे बीजाणू काचेखाली पाहणारी शास्त्रज्ञ अशी पंचवीस-तीस वर्षांनी कामाला आली.

मेंढपाळ चांगला हवा म्हणून त्यांनी टॉम स्टोरी या तरुणाला गाठलं. सध्या काय मिळतं ते विचारून त्याचा पगार दुप्पट केला, असं सांगतात. १९२७मध्ये त्याला हिल टॉपला आणलं आणि पुढे दहा-बारा वर्षं दोघांनी मिळून प्रदर्शनांतून बक्षिसं आणली. टॉम काही होयबा नव्हता. मेंढ्यांच्या बाबतीत तो बाईंशी वाद घाली आणि बाई ऐकून घेत.

या हर्डविक मेंढीबद्दल थोडं सांगायला हवं. कोकरू जन्मतं काळं, वाढेल तसं करडं होतं आणि तोंड पांढरं पडतं. लोकर राठ, मऊ स्वेटरला निरुपयोगी, गालिच्याला बरी. पण पाऊस, बर्फ, बोचरा वारा यांत ही मेंढी डोंगरमाथ्यावर तगते. या डोंगरांच्या माथ्यावर कुंपणं नसतात. कळप आपल्या हद्दीत राहतो तो आईनं शिकवलेल्या ओळखीवर. मेंढी कोकराला घेऊन ठरावीक भागात चरते, कोकरू मोठं होऊन आपल्या पिलाला तिथंच चारतं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या चराईच्या जागेला तिकडे हीफ म्हणतात. म्हणून मेंढ्या शेताबरोबर जातात. कूळ बदललं तरी कळप त्या डोंगराचाच राहतो. तो एकदा विकून टाकला, की नवा कळप आणून सोडता येत नाही. तो वाट फुटेल तिकडे जातो. त्याला डोंगर शिकवायला माणसांना कित्येक वर्षं राखण करावी लागते.

तरी चुकार मेंढ्या असतातच. त्यासाठी प्रत्येक शेताची लोकरीवर रंगाची खूण आणि कानाला ठरलेला छेद. या खुणांची छापील पुस्तकंच असतात. ठरावीक दिवशी मेंढपाळ जमतात आणि एकमेकांच्या मेंढ्या परत करतात. एप्रिल-मे विण्याचे दिवस, जुलैत लोकर कातरणी, हिवाळ्याच्या तोंडाशी एडका कळपात सोडायचा, असं वर्ष फिरतं. उतारवयात बाईंनी गॅलोवे जातीची मांसाची गुरंही पाळली. बिनशिंगांची, दुहेरी केसाळ कातडीची, बहुधा काळी. मेंढी कोवळं गवत तळाशी कुरतडते. गुरं जाडंभरडं गवत ओढून खातात, खुरांनी झुडपं तुडवतात. दोन्ही असली तर कुरण चांगलं राहतं.

कानाच्या खुणांबद्दल वाचताना मला माझी ग्रामीण शाखा आठवली. १९८०च्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात आम्ही शेळ्या-मेंढ्यांसाठी कर्जं वाटली. जनावराच्या कानात विम्याचा बिल्ला मारायचा. जनावर मेलं तर तो कान बिल्ल्यासकट कापून आणून दाखवायचा, मग दावा मंजूर. एकदा एक वयस्क धनगर धोतराच्या सोग्यात बांधून तीन कान घेऊन आला. मी बिल्ल्यांचे नंबर जुळवले आणि पावती फाडली. मेंढ्या कशानं मेल्या हे विचारायचं मला सुचलं नाही. माझ्या फॉर्ममध्ये तो रकाना होता, तो मी आधीच भरून टाकला होता. हीलिसबाईंनी पहिल्यांदा तोच प्रश्न विचारला असता.

१९३०मध्ये त्यांनी सर्वांत मोठी उडी मारली. मंक कॉनिस्टन ही चार हजार एकरांहून मोठी मालमत्ता तुकड्या-तुकड्यांनी विकली जाण्याची भीती होती. नॅशनल ट्रस्टकडे तेवढा पैसा नव्हता. बाईंनी सगळी मालमत्ता घेऊन टाकली आणि ट्रस्टनं निधी जमवल्यावर निम्मी खरेदीच्याच भावात त्यांना दिली. पुढची काही वर्षं दोन्ही वाटण्यांचा कारभार त्याच पाहत होत्या. छपरं गळतात, भिंती ढासळतात, कुळांची भाडी थकतात. साठी उलटलेली ही बाई पावसात खांद्यावर गोणपाट टाकून हिंडे. रस्त्यात एका भटक्यानं त्यांना आपल्यातलीच समजून सहानुभूती दाखवली, ही आठवण त्या पुढे मजेनं सांगत. कुळांशी मात्र त्या नेहमीच गोड नव्हत्या. हिशेबाला कडक आणि फटकळ होत्या. पण गळकं छप्पर कुठलं आणि नुसती तक्रार कुठली, हे त्यांना शिडी चढून पाहिल्यामुळे माहीत असे.

डोळे अधू झाले, नवी चित्रं थांबली. पुस्तकं मागे पडत गेली याची त्यांना खंत वाटल्याचं कुठे दिसत नाही. इथेच मी अडखळतो. लेखक म्हणवून घेणाऱ्या माणसाला हे सहन होत नाही. मी नोकरी सांभाळून कादंबऱ्या लिहिल्या आणि कादंबरीच काय ती मागे राहील असं समजत आलो. त्या समजुतीपायी मी काय सोडलं ते सांगतो. आमची गावाकडे बारा एकर जमीन होती. वडील गेल्यावर तिघा भावांत वाटणी झाली. माझ्या वाट्याचे चार एकर मी शहरातल्या फ्लॅटसाठी विकले. कागदावर सही करताना माझा हात कापला नाही. व्यवहार चोख होता. पण त्या चार एकरांत विहीर होती, आणि तिच्यावाचून भावांचे आठ एकर कोरडे पडले. पुढे तेही गेले. जमिनीला तुकडे पाडून किंमत येते, पण शेत उरत नाही, हे मी कर्जाची प्रकरणं तपासताना शंभर वेळा पाहिलं होतं. स्वतःच्या वेळी ते दिसलं नाही.

हीलिसबाईंना मूलबाळ नव्हतं. त्यांनी मृत्युपत्राचा विचार फार आधीपासून केला होता. १९४३मध्ये हर्डविक मेंढीपालकांच्या संघटनेनं त्यांची अध्यक्ष म्हणून निवड केली. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पण खुर्चीत बसायच्या आधीच, २२ डिसेंबर १९४३ रोजी, त्या गेल्या. चार हजारांहून अधिक एकर आणि चौदा-पंधरा शेतं, पतीच्या हयातीनंतर, नॅशनल ट्रस्टकडे जायची होती. विल्यम हीलिस १९४५मध्ये गेले आणि तसं झालं. अट अशी की डोंगरी शेतांवर हर्डविकचे शुद्ध कळप कायम ठेवायचे आणि ते शेताबरोबरच कुळाकडे जायचे. कुळांकडून माफक खंड घ्यायचा. नुसती जमीन देऊन डोंगर वाचत नाही. त्यावर चरणारं जनावर आणि त्याला राखणारा माणूस दोन्ही टिकावे लागतात, हे त्यांनी कायद्याच्या भाषेत बांधून ठेवलं.

त्याचं मोल २००१मध्ये कळलं. लाळ्या-खुरकुताच्या साथीत त्या भागातली असंख्य जनावरं मारावी लागली आणि ज्या डोंगरांवरचे कळप संपले, तिथे रिकामं कुरण नुसतं उभं राहिलं. वाट जाणणारी आईच उरली नाही, तर कोकराला कोण शिकवणार? पण सगळे कळप संपले नाहीत. हर्डविक टिकली. २०१७मध्ये लेक डिस्ट्रिक्टचा जागतिक वारसा म्हणून गौरव झाला, तो तिथल्या निसर्गाइतकाच मेंढपाळांनी घडवलेल्या भूमीचा होता.

त्यांची राख टॉम स्टोरीनं हिल टॉपच्या आसपासच्या डोंगरात उधळली. कुठे, ते त्यानं कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं होतं. सांगितलंच तर फक्त आपल्या मुलाला सांगितलं, आणि आता तोही नाही. समाधी नाही, दगड नाही, पाटी नाही.

नातीनं परवा मला विचारलं की ससा लिहिणारी आजी नंतर काय करत होती. मी म्हणालो, मेंढ्या राखत होती. तिला ते अगदी स्वाभाविक वाटलं. मग तिनं मला विचारलं, आपल्या मेंढ्या कुठे आहेत. मी तिला गावाकडच्या विहिरीची गोष्ट सांगितली. पुढच्या सुट्टीत ती बघायला जायचं ठरलंय. विहीर आता दुसऱ्याची आहे, पण वाट मला अजून पाठ आहे. निदान ती तरी तिला दाखवून ठेवावी म्हणतो.